फ्रीहोल्ड घर, पण कोणत्या अटींवर? खरेदीपूर्वी वाचायची ‘कव्हेनंट’

ब्रिटनमध्ये घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या मनात ‘फ्रीहोल्ड’ या शब्दाला विशेष वजन असते. लीजहोल्ड फ्लॅटमधील ग्राउंड रेंट, सर्व्हिस चार्ज आणि वर्षागणिक आटत जाणारी मुदत यांना कंटाळलेल्या माणसाला फ्रीहोल्ड घर म्हणजे सुटका वाटते. जमीन आपली, घर आपले, वर कोणी मालक नाही. हा समज बव्हंशी बरोबर आहे, पण पुरता बरोबर नाही. फ्रीहोल्ड घराची मालकी पूर्ण असली, तरी त्या घराचा उपयोग कसा करावा यावर पूर्वीच्या एखाद्या मालकाने स्वीकारलेल्या अटी जमिनीबरोबर चालत येतात. विकणारा बदलला, विकत घेणारा बदलला, शंभर वर्षे उलटली, तरी त्या आपोआप संपत नाहीत.

या अटींना इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यात ‘रिस्ट्रिक्टिव्ह कव्हेनंट’ म्हणतात. मराठीत त्यांना निर्बंधक अटी म्हणता येईल. भारतातून येणाऱ्या आईवडिलांसाठी मागे खोली वाढवायची, गॅरेजचे अभ्यासिकेत रूपांतर करायचे, घरातून शिकवणी किंवा डब्यांचा व्यवसाय सुरू करायचा, असे बेत आखूनच अनेक जण घर निवडतात. ते बेत पुरे होणार की नाही, हे पुष्कळदा कौन्सिलच्या परवानगीपेक्षा या अटींवर अवलंबून असते. म्हणून त्या वाचण्याची वेळ घर घेतल्यानंतरची नसून करारांची अदलाबदल, म्हणजे ‘एक्स्चेंज’, होण्यापूर्वीची आहे.

पुढील विवेचन इंग्लंड आणि वेल्सपुरते आहे. स्कॉटलंडमध्ये या विषयावर २००३ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तेथील अटींना ‘रिअल बर्डन’ म्हणतात. उत्तर आयर्लंडची व्यवस्थाही वेगळी आहे.

निर्बंधक अट म्हणजे नेमके काय?

एखाद्या जमीनमालकाने आपल्या जमिनीचा काही भाग विकताना घेणाऱ्याकडून लेखी वचन घेतले की, ‘या जागेवर एकापेक्षा अधिक घरे बांधणार नाही’ किंवा ‘येथे दुकान थाटणार नाही’, तर ते वचन म्हणजे कव्हेनंट. ज्या जमिनीवर बंधन येते तिच्यावर त्या अटीचा भार असतो. ज्या शेजारच्या जमिनीच्या संरक्षणासाठी ती घातली, तिला तिचा लाभ मिळतो. भार आणि लाभ हे दोन शब्द ध्यानात ठेवले, तर पुढचा सगळा विषय सोपा होतो.

कव्हेनंट दोन प्रकारची असतात. ‘अमुक करणार नाही’ ही निषेधात्मक, म्हणजेच निर्बंधक अट. ‘अमुक करीन’, उदाहरणार्थ ‘कुंपणाची डागडुजी करीन’ किंवा ‘खासगी रस्त्याच्या खर्चाचा वाटा देईन’, ही सकारात्मक अट. फ्रीहोल्ड जमिनीच्या बाबतीत निर्बंधक अट पुढच्या मालकाला बांधू शकते, सकारात्मक अट थेटपणे बांधू शकत नाही. १८८५ पासून चालत आलेला हा नियम हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९४ मध्ये पुन्हा पक्का केला. मात्र अटीचे शब्द नव्हे, तिचा गाभा पाहिला जातो. ‘बाग मोकळी ठेवीन’ हे वाक्य होकारार्थी दिसले, तरी त्याचा अर्थ ‘बागेत बांधकाम करणार नाही’ असाच होतो आणि ती अट निर्बंधक ठरते.

लेस्टर स्क्वेअरची बाग

या कायद्याचा उगम लंडनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेल्या जागी आहे. लेस्टर स्क्वेअरच्या मधली बाग १८०८ मध्ये टल्क नावाच्या मालकाने विकली. भोवतालची काही घरे त्याने स्वतःकडे राखली होती. म्हणून घेणाऱ्याकडून त्याने वचन घेतले की, बाग बाग म्हणूनच राखली जाईल आणि तिच्यावर इमारती उभ्या राहणार नाहीत. हातबदल होत होत ती जागा मॉक्सहे याच्याकडे आली. त्याच्या खरेदीखतात ही अट नव्हती, पण ती अस्तित्वात आहे हे त्याला ठाऊक होते. तरीही त्याला तेथे बांधकाम करायचे होते.

१८४८ मध्ये लॉर्ड चॅन्सलर कॉटनहॅम यांनी त्याच्याविरुद्ध मनाई कायम ठेवली. अटीमुळे कमी किमतीत मिळालेली जमीन, अट ठाऊक असूनही, पुढच्याने अटीविना वापरावी आणि जास्त किमतीला विकावी हे न्यायाला धरून नाही, असे त्यामागचे सूत्र होते. ‘टल्क विरुद्ध मॉक्सहे’ या निकालाने खासगी वचन जमिनीला चिकटले. बाग आजही तेथे आहे.

भारतीय वाचकाला हे तत्त्व परके नाही. भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील कलम ४० याच विचारावर उभे आहे. आपल्या मालमत्तेच्या अधिक चांगल्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीच्या वापरावर बंधन घालण्याचा हक्क असेल, तर त्या बंधनाची माहिती असलेल्या खरेदीदाराविरुद्ध तो बजावता येतो. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना जितक्या काळजीने पाहिला जातो, तितक्याच काळजीने इंग्लंडमधील घराच्या नोंदवहीचा शेवटचा भाग पाहावा लागतो.

अटी कोठे सापडतात?

लँड रजिस्ट्रीकडे नोंदलेल्या प्रत्येक मालमत्तेचे ‘टायटल रजिस्टर’ असते आणि त्याचे तीन भाग असतात. ‘ए’ भागात मालमत्तेचे वर्णन आणि तिला मिळणारे हक्क असतात. ‘बी’ भागात मालकाचे नाव असते. ‘सी’ भागात, म्हणजे ‘चार्जेस रजिस्टर’मध्ये, गृहकर्ज आणि निर्बंधक अटी यांची नोंद असते. रजिस्टरची प्रत अल्प शुल्क भरून कोणालाही ऑनलाइन मिळते. मालकाच्या संमतीची गरज नसते. त्यामुळे घर आवडल्यावर, सॉलिसिटर नेमण्यापूर्वीच, ती मागवणे शहाणपणाचे असते.

‘सी’ भागात अटी कधी पूर्ण उतरवलेल्या असतात. कधी केवळ इतकेच लिहिलेले असते की, अमुक तारखेच्या दस्तऐवजात काही अटी आहेत आणि त्याची प्रत रजिस्ट्रीकडे उपलब्ध आहे. अशा वेळी तो मूळ दस्तऐवज वेगळा मागवावा लागतो. रजिस्टर हाती आले म्हणजे काम संपले, असे समजणारे खरेदीदार येथेच फसतात. अटीचे शब्द, त्या कोणी घातल्या, कोणासाठी घातल्या, संमती कोणाची लागते आणि सोबतच्या नकाशावर कोणता तुकडा रंगवला आहे, हे सगळे त्या मूळ कागदात असते.

कधी रजिस्टरमध्ये असेही आढळते की, अटी आहेत, परंतु पहिल्या नोंदणीच्या वेळी मूळ दस्त किंवा त्याची प्रमाणित प्रत सादर झाली नाही. म्हणजे बंधन आहे, पण त्याचा मजकूर कोणालाच माहीत नाही. अशा घरासाठी बहुधा विम्याचा मार्ग घेतला जातो. त्याचे विवेचन पुढे येते.

आणखी एक घोटाळा शब्दसाम्यामुळे होतो. ‘बी’ भागात ‘रिस्ट्रिक्शन’ नावाची नोंद दिसू शकते. ती निर्बंधक अट नव्हे. अमुक व्यक्तीचे किंवा कंपनीचे प्रमाणपत्र आल्याशिवाय पुढील विक्रीची नोंद करू नये, अशी ती रजिस्ट्रीला दिलेली सूचना असते. नव्या वसाहतींमध्ये ती सर्रास आढळते आणि घर पुढे विकताना तिची आठवण होते.

नोंदीचे महत्त्व मोठे आहे. नोंदणीकृत जमिनीवरील निर्बंधक अट रजिस्टरवर आली नसेल, तर मोबदला देऊन घर घेणाऱ्या आणि आपली खरेदी नोंदवणाऱ्या नव्या मालकाला ती सहसा बांधत नाही. उलट, अट रजिस्टरवर आहे म्हणून ती आजही वैध आणि बजावण्याजोगी आहे, अशी हमी ती नोंद देत नाही. ती तपासणी सॉलिसिटरची.

नेहमी आढळणाऱ्या अटी

इंग्लंडमधील उपनगरी घरांच्या दस्तऐवजांत काही अटी पुन्हा पुन्हा भेटतात.

एकच खासगी निवास: ‘या जागेवर एकाच खासगी निवासगृहाखेरीज अन्य इमारत असू नये’ अशी अट बागेत स्वतंत्र छोटे घर बांधण्याच्या आड येऊ शकते. घराचे दोन फ्लॅट करणे किंवा ते अल्पमुदतीच्या पाहुण्यांना भाड्याने देणे हेही तिच्या कक्षेत येऊ शकते. आईवडिलांसाठी स्वतंत्र स्वयंपाकघरासह जोडघर काढू पाहणाऱ्यांनी ही अट शब्दशः वाचावी.

बदलांसाठी संमती: ‘विकणाऱ्याच्या लेखी संमतीवाचून बांधकामात बदल करू नये’ ही अट एक्स्टेन्शन, कॉन्झर्व्हेटरी, लॉफ्ट आणि गॅरेजचे रूपांतर या सर्वांना लागू होऊ शकते. येथे कळीचा प्रश्न असतो, ‘विकणारा’ म्हणजे कोण? मूळ बिल्डर कंपनी की तिचे सर्व उत्तराधिकारी? ती कंपनी बंद पडली असेल, तर अटीच्या शब्दांनुसार संमतीची गरज संपते किंवा संमती मिळणेच अशक्य होते. दोन्ही अर्थ संभवतात. म्हणून ‘कंपनीच राहिली नाही, आता कोण विचारतो’ हा तर्क धोक्याचा आहे.

व्यापारबंदी: ‘कोणताही धंदा वा व्यवसाय करू नये’ अशी अट लॅपटॉपवर घरून नोकरी करणाऱ्याला सहसा अडचणीत आणत नाही. पण ग्राहकांची ये-जा, पाटी, नोकरवर्ग, मालाची वाहतूक यांमुळे घराचे स्वरूप बदलू लागले की वाद उभा राहू शकतो. पाळणाघर, शिकवणी, नृत्यवर्ग, केटरिंग, दंतवैद्याचा दवाखाना असे बेत असतील, तर ते सॉलिसिटरला आधीच सांगावेत.

वाहने आणि दर्शनी भाग: कॅरॅव्हॅन किंवा व्यावसायिक व्हॅन उभी करू नये, पुढच्या अंगणाला कुंपण घालू नये, सॅटेलाइट डिश दर्शनी बाजूस लावू नये, या अटी विशेषतः १९६० नंतरच्या मोकळ्या अंगणांच्या वसाहतींत दिसतात.

उपद्रव: ‘शेजाऱ्यांना त्रास वा उपद्रव होईल असे काही करू नये’ ही अट इतकी व्यापक असते की तिचा अर्थ प्रत्येक प्रकरणात नव्याने लावावा लागतो.

जुन्या दस्तऐवजांत कोंबड्या पाळण्यास किंवा मद्यविक्रीस बंदी अशाही अटी असतात. त्या वाचून हसू आले, तरी त्यांच्या शेजारीच एखादी जिवंत अट दडलेली असू शकते.

कौन्सिलची परवानगी आणि कव्हेनंट: दोन वेगळी कुलुपे

सर्वांत महाग पडणारा गैरसमज असा की, प्लॅनिंग परवानगी मिळाली म्हणजे सर्व अडथळे दूर झाले. प्लॅनिंग परवानगी हा सार्वजनिक कायद्याचा भाग आहे. तेथे कौन्सिल समाजहित आणि नगररचना पाहते. कव्हेनंट हा दोन जमिनींमधील खासगी हक्क आहे. कौन्सिलने होकार दिल्याने शेजाऱ्याचा हक्क संपत नाही आणि शेजारी राजी असला तरी कौन्सिलची परवानगी माफ होत नाही. एकाच दाराला दोन कुलुपे असतात आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात.

हेच ‘परमिटेड डेव्हलपमेंट’लाही लागू आहे. प्लॅनिंग अर्जाशिवाय बांधता येणारे छोटे एक्स्टेन्शनसुद्धा कव्हेनंटचा भंग ठरू शकते.

लाभ कोणाकडे?

अट बजावू पाहणाऱ्याला दाखवावे लागते की, तिचा लाभ त्याच्या जमिनीला मिळतो. १९२५ च्या लॉ ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचे कलम ७८ आणि १९८० मधील अपील न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल यांमुळे लाभ बहुतेकदा जमिनीला आपोआप जोडला जातो. मात्र कोणती जमीन लाभार्थी आहे, हे दस्तातून ओळखता यायला हवे.

वसाहतींमध्ये आणखी एक व्यवस्था आढळते, ‘बिल्डिंग स्कीम’. एकाच मालकाने ठरावीक आराखड्याने प्लॉट पाडले, सर्वांवर सारख्याच अटी घातल्या आणि त्या सर्वांच्या परस्पर हितासाठी आहेत हे घेणाऱ्यांना ठाऊक होते, तर प्रत्येक घरमालक दुसऱ्या प्रत्येक घरमालकाविरुद्ध अट बजावू शकतो. अशा ठिकाणी बिल्डर निघून गेला तरी लाभार्थी संपत नाहीत. ते गल्लीतल्या प्रत्येक घरात राहत असतात.

अट मोडली तर?

न्यायालय मनाई हुकूम देऊ शकते, उभे बांधकाम पाडायला लावू शकते किंवा त्याऐवजी नुकसानभरपाई ठरवू शकते. यातले काय वाट्याला येईल, हे आधी सांगता येत नाही.

१९७४ च्या रॉदम पार्क प्रकरणात अट मोडून १४ घरे बांधली गेली होती. लोक राहू लागलेली घरे पाडणे म्हणजे गरजेच्या घरांची नासाडी होईल, असे मानून न्यायाधीशांनी पाडण्याचा हुकूम दिला नाही. त्याऐवजी बिल्डरच्या अपेक्षित नफ्याच्या ५ टक्के, म्हणजे २,५०० पौंड, भरपाई ठरवली. हा निकाल वाचून ‘फार तर पैसे द्यावे लागतील’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. २००४ मध्ये अपील न्यायालयाने एका सामान्य घरमालकाचे, शेजाऱ्याच्या आक्षेपानंतरही पुढे रेटलेले, एक्स्टेन्शन पाडण्याचा हुकूम कायम ठेवला.

अलीकडचा सर्वांत बोलका निकाल मेडनहेडचा आहे. तेथील एका भूखंडावर १९७२ पासून अट होती की, त्यावर बांधकाम करू नये आणि तो केवळ वाहने उभी करण्यासाठी वापरावा. शेजारची जमीन पुढे एका धर्मादाय संस्थेला आजारी मुलांच्या हॉस्पिससाठी दान मिळाली. अट ठाऊक असूनही बिल्डरने तेथे परवडणारी १३ घरे उभी केली आणि नंतर ती शिथिल करण्यासाठी अर्ज केला. अपर ट्रायब्युनलने दीड लाख पौंडांच्या भरपाईवर अट शिथिल केली. अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याविरुद्धचे अपील फेटाळले. घरे उभी राहिल्यामुळे सार्वजनिक हिताचा निकष पुरा होत होता. तरी आधी मोडायचे आणि मग माफी मागायची, या वागण्याचे बक्षीस बिल्डरला मिळू नये, असे न्यायालयाने ठरवले. मोठ्या बिल्डरला लागू झालेला हा धडा घरमालकालाही तितकाच लागू आहे: विचारायचे ते वीट रचण्यापूर्वी.

अडचण आढळल्यास मार्ग

अट नको तेथे आडवी आली, तरी दरवेळी घर सोडून द्यावे लागतेच असे नाही. प्रचलित मार्ग पुढीलप्रमाणे आहेत.

संमती किंवा सुटका: लाभार्थी कोण हे निश्चित असेल, तर त्याच्याकडून लेखी संमती किंवा अटीतून मुक्त करणारा दस्त घेता येतो. बिल्डर कंपन्या संमतीसाठी शुल्क आकारतात. बिल्डिंग स्कीममध्ये मात्र पुष्कळ घरांची संमती लागत असल्याने हा मार्ग अवघड होतो.

इंडेम्निटी विमा: पूर्वी झालेला भंग किंवा मजकूर हरवलेली अट यांसाठी एकरकमी हप्ता भरून विमा घेता येतो. पुढे कोणी अट बजावली, तर होणारा खर्च आणि नुकसान ठरलेल्या मर्यादेपर्यंत विमा कंपनी सोसते. हा विमा अट नष्ट करत नाही आणि भविष्यात करायच्या बांधकामाला तो सहसा लागू नसतो. त्याची एक अट मराठी माणसाच्या स्वभावाला विशेष अडते. शेजाऱ्याकडे जाऊन ‘आमच्या एक्स्टेन्शनला तुमची हरकत नाही ना?’ असे सौजन्याने विचारले, किंवा लाभार्थ्याला वा कौन्सिलला पत्र लिहिले, तर विमा मिळेनासा होऊ शकतो. कारण ज्याला हक्काची आठवण नव्हती, त्याला ती करून दिली जाते. म्हणून कोणाशीही बोलण्यापूर्वी सॉलिसिटरशी बोलावे.

ट्रायब्युनलकडे अर्ज: १९२५ च्या कायद्यातील कलम ८४ नुसार अपर ट्रायब्युनलचे लँड्स चेंबर अट रद्द किंवा शिथिल करू शकते. परिसर बदलल्याने अट कालबाह्य झाली आहे. ती जमिनीचा वाजवी वापर अडवते, पण लाभार्थ्याला तिच्यापासून भरीव फायदा मिळत नाही किंवा ती सार्वजनिक हिताविरुद्ध आहे, आणि त्याचे नुकसान पैशांनी भरून निघू शकते. लाभार्थ्यांनी संमती दिली आहे. किंवा शिथिलतेने कोणाचेही नुकसान होणार नाही, यांपैकी एक कारण सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाल्यावरही निर्णय ट्रायब्युनलच्या विवेकावर असतो. शेजाऱ्यांनी विरोध केला, तर हा मार्ग वेळखाऊ आणि खर्चिक होतो.

दीर्घकाळचा उघड भंग: १९०० मधील एका निकालात मद्यविक्रीबंदीचा २४ वर्षे उघडपणे भंग होऊनही कोणी आक्षेप न घेतल्याने ती अट सोडून दिली असे मानले गेले. पण किती वर्षे पुरेशी, याचा ठाम आकडा कायद्यात नाही. याच्या आधारावर नवे घर घेण्याची जोखीम सॉलिसिटरच्या लेखी सल्ल्याविना पत्करू नये.

सकारात्मक अटी मागच्या दाराने येतात

सकारात्मक अट पुढच्या फ्रीहोल्ड मालकाला थेट बांधत नाही, म्हणून बिल्डरांनी दुसरे उपाय शोधले. प्रत्येक नव्या खरेदीदाराने व्यवस्थापन कंपनीशी स्वतंत्र करारपत्र करावे असे बंधन घालायचे आणि त्याखेरीज विक्रीची नोंद होऊ नये म्हणून वर सांगितलेली ‘रिस्ट्रिक्शन’ टाकायची, हा एक उपाय. ‘इस्टेट रेंटचार्ज’ हा दुसरा. कौन्सिलने ताब्यात न घेतलेले रस्ते, हिरवळ आणि खेळाची मैदाने यांच्या देखभालीचा खर्च अशा रीतीने फ्रीहोल्ड घरमालकांकडून वसूल होतो.

इस्टेट रेंटचार्जमध्ये एक जुना काटा आहे. १९२५ च्या कायद्याच्या कलम १२१ ने रेंटचार्जची रक्कम ४० दिवस थकल्यास घराचा ताबा घेण्यापर्यंतचे अधिकार दिले होते. त्यामुळे गृहकर्ज देणाऱ्या संस्था असे घर स्वीकारताना दस्तात दुरुस्ती मागू शकतात. २०२४ च्या लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म ॲक्टमध्ये अशा खर्चाच्या वाजवीपणाला आव्हान देण्याचा हक्क फ्रीहोल्ड घरमालकांना देण्याची तरतूद आहे. या कायद्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येणाऱ्या असल्याने, खरेदीच्या दिवशी त्यांतील कोणत्या लागू आहेत याची खात्री करून घ्यावी. निर्बंधक आणि सकारात्मक अशा दोन्ही अटींसाठी एकच नवी चौकट आणावी, अशी शिफारस लॉ कमिशनने २०११ मध्ये केली होती. तिचे कायद्यात रूपांतर झालेले नाही.

आज खरेदीदार, उद्या विक्रेता

आज दुर्लक्षिलेली अट विक्रीच्या वेळी परत भेटते. विक्रेत्याने भरायच्या माहितीपत्रकात केलेले बदल आणि घेतलेल्या संमती यांविषयी प्रश्न असतात. संमतीचे पत्र नसेल, तर समोरचा सॉलिसिटर विमा मागतो, किंमत कमी करण्याची मागणी होते, कधी व्यवहार रेंगाळतो. पूर्वीच्या मालकाने भंग केला असला, तरी मनाई हुकूम बांधकाम ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याविरुद्ध मागितला जाऊ शकतो. म्हणून मागील मालकाने बांधलेल्या कॉन्झर्व्हेटरीचीही संमती खरेदीच्या वेळीच मागावी.

अटीला प्रथम बांधून घेणारा मालक घर विकल्यानंतरही करारानुसार जबाबदार राहू शकतो. म्हणून प्रत्येक विक्रेता पुढच्या खरेदीदाराकडून ‘अटी पाळीन आणि न पाळल्यास तुमचे नुकसान भरून देईन’ असे वचन घेतो. खरेदीखतातील ते वाक्य केवळ औपचारिक नसते. त्यावर सही करणारा त्या साखळीतली एक कडी होतो.

एक्स्चेंजपूर्वी विचारायचे प्रश्न

सॉलिसिटर अटींचा अहवाल देतो, पण खरेदीदाराच्या मनातील बेत त्याला ठाऊक नसतात. म्हणून ते बेत लिहून कळवावेत आणि पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

१. ‘सी’ भागात उल्लेख असलेला प्रत्येक मूळ दस्त मिळाला आहे का? नकाशासह?

२. प्रत्येक अटीचा भार संपूर्ण भूखंडावर आहे की काही भागावर?

३. लाभार्थी कोण? मूळ विक्रेता, शेजारी की संपूर्ण वसाहत?

४. संमती लागणार असेल तर कोणाची आणि ती नाकारण्यावर काही मर्यादा आहे का?

५. घराच्या आजच्या अवस्थेत कोणत्या अटीचा भंग झाला आहे आणि त्याची संमती किंवा विमा आहे का?

६. योजलेले एक्स्टेन्शन, गॅरेजचे रूपांतर किंवा घरातील व्यवसाय या अटींत बसतो का?

७. देखभाल शुल्क, रेंटचार्ज किंवा ‘रिस्ट्रिक्शन’ आहे का? असल्यास वार्षिक रक्कम किती आणि ती कोण ठरवते?

८. या अटींची माहिती गृहकर्ज देणाऱ्या संस्थेला कळवली आहे का?

घर पाहायला गेल्यावर आपण भिंतीतील ओल पाहतो, छप्पर पाहतो, शाळेचे अंतर मोजतो. रजिस्टरमधील दोन पाने आणि त्यांच्या मागचा एखादा पिवळा पडलेला दस्त हेही त्या घराचेच भाग आहेत. सर्वच अटी वाईट नसतात. समोरच्या बागेत तीन मजली इमारत उभी राहू नये, याची हमीही अशीच एखादी अट देत असते. आपल्यावर कोणता भार आहे आणि आपल्याला कोणता लाभ आहे, हे सही करण्यापूर्वी कळले, तर फ्रीहोल्ड घराची किंमत आणि त्या घराविषयीची स्वप्ने या दोहोंचा हिशेब वेळेवर मांडता येतो.